माहिती चौकट : राजवाड्यांचे दप्तर, नाशिक विभागातले

व्यक्ती
- इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. निधन : 31 डिसेंबर 1926, धुळे.
- 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' : एकूण 22 खंड. पहिला खंड 1898मध्ये. विषय पानिपतच्या काळातला पत्रव्यवहार.

संस्था
- भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे : स्थापना 1910. संस्थापकांत राजवाडे.
- राजवाडे संशोधन मंडळ, धुळे : निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ स्थापन. राजवाड्यांचा संग्रह येथे. नियतकालिक : 'संशोधक'.
- सार्वजनिक वाचनालय, नाशिक : स्थापना 1840. मुद्रित ग्रंथांबरोबर जुन्या पोथ्यांचाही संग्रह.

संग्रहात दोन थर
- साधने : इतिहासकाराने जमवलेले मूळ कागद. उदा. पत्रे, सनदा, महजर, हिशेब.
- संशोधनाची कागदपत्रे : त्याची स्वतःची टिपणे, नकला, शब्दांच्या याद्या, हस्तलिखिते.

शब्द ओळखीचे
- दप्तर : एका घराण्याच्या वा कचेरीच्या कागदांचा साठा.
- रुमाल : कागद बांधून ठेवण्याचे फडके; त्यावरून त्या गठ्ठ्यालाही रुमाल म्हणतात.
- बखर : घडून गेलेल्या घटनांचे गद्य कथन. पत्र मात्र त्या-त्या वेळचे.
- नामावळी : नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील यजमानांच्या वंशावळींच्या वह्या. त्या खासगी, उपाध्यांच्या घरी.
- मोडी : मराठीची शीघ्रलिपी, जुने दप्तर बहुतांशी याच लिपीत.

तारखेचा हिशेब
- शक + 78 किंवा 79 = इसवी सन.
- शुहूर सन + 599 किंवा 600 = इसवी सन.
- फसली (दख्खनी) + 590 किंवा 591 = इसवी सन.