पैसे गेले, अर्ज राहिला

परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. मोबाइलवरून शुल्क भरताना संबंध तुटला, म्हणून तिने पुन्हा बटण दाबले. खात्यातून रक्कम दोनदा गेली. अर्जापुढे मात्र ‘शुल्क अप्राप्त’ हाच शेरा राहिला. कार्यालयातील उत्तर ठरलेले होते : ‘‘अगं, नेटवर्कच गेलं, त्याला आम्ही काय करणार?’’

हे उत्तर आता सर्वमान्य झाले आहे. वस्तुतः ते मान्य करण्याचे काहीच कारण नाही. वाटेवर विसंबून चालत नाही, हे टपाल खात्याला १८८० साली मनीऑर्डर सुरू करताना ठाऊक होते. थैली आगगाडीने जावो की माणसाच्या पाठीवरून, मनीऑर्डरला क्रमांक असे आणि घेणाऱ्याच्या सहीची पोच पाठविणाऱ्याकडे परत येई. थैली स्टेशनावर उतरली म्हणजे पैसे पोचले, असे कोणी मानीत नसे.

साल्ट्झर, रीड व क्लार्क या तीन अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संगणकांच्या जाळ्याबाबत हेच सांगितले. त्यांनी दिलेला दाखला मोठा बोलका आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत वाटेतील प्रत्येक टप्प्यावर मजकुराची तपासणी होत होती, म्हणून सारे निश्चिंत होते. प्रत्यक्षात वाटेवरचा एक संगणक आपल्या पोटातच अधूनमधून दोन अक्षरांची अदलाबदल करीत होता. तपासणी टप्प्याटप्प्यांमधील तारांची होती. संगणकाच्या पोटाची नव्हे! अखेर लोकांना जुन्या छापील प्रतींशी ताडून आपला मजकूर हाताने दुरुस्त करावा लागला. खातरजमा दोन टोकांनीच करावयाची असते. वाट फार तर त्यांचे काम हलके करते.

शुल्काचेही तसेच आहे. उत्तर आले नाही, तर मागणी वाटेत हरवली की उत्तर हरवले, हे पाठविणाऱ्याला कळूच शकत नाही. यावर उपाय अधिक भक्कम तार हा नव्हे. प्रत्येक मागणीस एक क्रमांक द्यावा, पुन्हा विचारताना तोच वापरावा आणि घेणाऱ्याने आधी आपली वही पाहावी. नोंद असेल तर जुनेच उत्तर द्यावे, दुसरी नोंद करू नये. मग बटण दहादा दाबले तरी व्यवहार एकच होतो. मागणी इंटरनेटवरून आली की २०२२ पासून यूपीआयसाठी सोय झालेल्या साध्या फोनवरून, याने फरक पडत नाही.

एवढे साधे काम टाळले जाते, यामागे अर्थशास्त्र आहे. चुकीचा भुर्दंड ज्याने सोसावयाचा, तो ती सुधारू शकत नाही. जो सुधारू शकतो, त्याला भुर्दंड नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांपुरती ही विषमता कमी केली. यूपीआयने दिलेली रक्कम विक्रेत्यास मिळाल्याची निश्चिती न झाल्यास ती पाच दिवसांत परत करावयाची, त्यानंतर दररोज १०० रुपये भरपाई. परंतु हा नियम पैशांचा आहे, अर्जाच्या मुदतीचा नाही. बँकेकडे विचारणा करून रोज रात्री हिशेब जुळवणे आणि तोवर पहिल्या प्रयत्नाची तारीख ग्राह्य धरणे, हे शुल्क घेणाऱ्या संस्थेवर बंधनकारक का नसावे?

त्या मुलीच्या दोन्ही रकमा चौथ्या दिवशी परत आल्या. दरम्यान मुदत संपली होती. तिने विलंब शुल्कासह तिसऱ्यांदा पैसे भरले आणि या खेपेस पावती लगेच आली.