नॅस घ्यायचाय? आधी हे वाचा!

मित्रांनो, लॅनवरचं शेअर्ड फोल्डर आपल्याला नवीन नाही. ज्याचा पीसी चालू, त्याचे पिक्चर सगळ्यांना; त्याने पीसी बंद केला की खेळ खलास! नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. हा स्वतःचा प्रोसेसर असलेला, राऊटरला जोडलेला आणि चोवीस तास चालणारा हार्ड डिस्कचा डबा.

सांगवीला माझ्या मामांचं घरांचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस आहे. तीन पीसी, आणि एकच ड्रॉइंग तिन्हीवर वेगवेगळं. एक डिस्क गेली तर लोकांच्या घरांचं काम अडणार. "तू इंजिनिअर होतोयस ना, मग तूच ठरव," असं मामा म्हणाले. तेव्हा जे तपासलं ते असं.

पहिला प्रश्न, डिस्क किती? 'रेड' ही कल्पना बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली मांडली. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो. म्हणजे ४ टीबीच्या दोन घेतल्या तरी जागा ४ टीबीच, पण एक गेली तरी काम चालू राहतं. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते.

दुसरं, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात, त्यामुळे रेड पुन्हा बांधताना फार वेळ जातो. नॅससाठी विकलेल्या आपल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं वेस्टर्न डिजिटलने २०२० साली मान्य केलं. म्हणून मॉडेल नंबर बघूनच घ्या.

तिसरं, स्विच. १०० मेगाबिटच्या स्विचवर सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट मिळतात, गिगाबिटवर सुमारे ११०. महागडा नॅस जुन्या स्विचला लावणं म्हणजे बुलेट घेऊन बैलगाडीमागे चालवणं!

चौथं, यूपीएस. लिहिता लिहिता लाईट गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. यूएसबीने नॅसला जोडता येणारा यूपीएस घेतला तर नॅस स्वतःच नीट बंद होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल चुकून डिलीट केली की ती दोन्ही डिस्कवरून जाते. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' रॅन्समवेअरने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या नॅसमधल्या फायलींना कुलूप घातलं. तिथे रेड काय करणार? म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. आठवड्याला एकदा यूएसबी डिस्कवर कॉपी घ्या आणि ती काढून दुसऱ्या जागी ठेवा.

मामांसाठी ठरलं ते असं: दोन डिस्कचा डबा, ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क, रेड १, गिगाबिट स्विच, यूपीएस आणि घरी न्यायला एक यूएसबी डिस्क. बजेट नसेल तर जुन्या पीसीवर फुकटचं ओपनमीडियाव्हॉल्ट टाकूनही भागतं, फक्त विजेचं बिल थोडं वाढतं. तेही जमत नसेल तर नॅस पुढच्या वर्षी घ्या. पण बाहेरची डिस्क मात्र प्रोजेक्ट सबमिशनच्या आधीच घ्या!