यावच्चंद्रदिवाकरौ

परवा देवरीला आमच्या वर्गात मी आक्षीचा शिलालेख शिकवीत होतो. अलिबागजवळचा हा लेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा. उणीपुरी हजार वर्षे झाली, तर आपलीच मराठी वाचायला आज तज्ज्ञ लागतो! एवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तारापूरचा कचरा जिथे पुरतील, तिथे पाटी कोणत्या भाषेत लावतील?" तिचा थोरला भाऊ बोईसरला कारखान्यात आहे, तारापूरचे नाव तिच्या घरी रोजचे.

मी खडू खाली ठेवला.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासूनचे. माझ्या टेबलावरचा दिवा त्या विजेवर जळतो की कोळशाच्या, हे तारेला विचारता येत नाही. तेव्हा मी त्यातला नव्हे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यावर उरणारा जहाल द्रव तेथे वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात आणि वर्षानुवर्षे थंड करीत ठेवतात. त्यातील सीझियमचा जोर सुमारे ३० वर्षांत निम्मा होतो. नेपच्युनियमचा निम्मा व्हायला २० लाख वर्षांहून अधिक काळ लागतो. पुढे हे डबे खोल खडकात पुरायचे, असा शास्त्रज्ञांचा बेत आहे. दिवा आमच्या एका संध्याकाळचा, राखण मात्र पणतूच्या पणतूकडे!

पूर्वजांनीही पुढच्यांना दम भरून ठेवलाच होता. जुन्या गद्धेगाळांवर वर चंद्रसूर्य कोरलेले असतात; ते असेतोवर दान चालावे म्हणून. खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, तीही चित्रात. (वर्णन दिवाळी अंकात नको!) निरक्षरालाही कळावे, ही त्यातली युक्ती. पण काळाच्या ओघात अर्थ हरवला आणि कित्येक गावांत त्याच दगडाला शेंदूर फासून लोक पुजू लागले.

आमच्या वर्गात कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या छत्तीसगढी, कोणाच्या झाडीबोली. म्हटले, "तुम्हीच काढा पाटी." एकाने कवटी काढली. "याला तर नारळच फोडतील," शेजारचा म्हणाला आणि वर्ग हसला. त्या मुलीची वही मात्र कोरी.

"काहीच लिहू नये, सर. खूण दिसली की माणसाला गुप्तधन वाटतं. उकरून बघतोच."

"आणि खूण नसली, तर विहीर खणणाऱ्याला कळावे कसे?"

ती विचारात पडली. तेवढ्यात घंटा झाली. मला सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करतो.