दगडाच्या पोटातलं पाणी

बसा पोरांनो, कंदील जरा इकडे सरकवा. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आमच्या वावरात विहीर खोदायला घेतली, अन् विहिरी खोदता खोदता ज्याचे केस पिकले असा एक म्हातारा आला, तो खडकावर पहार आपटायचा अन् कान द्यायचा, टण्ण वाजलं की मान हलवायचा, बद्द वाजलं की म्हणायचा, "इथं हाय पाणी!"

त्या कानाला काय ऐकू येई ते मला फार उशिरा उमगलं. आपल्या यवतमाळचा बराचसा मुलूख म्हणजे थिजलेली आग आहे बरं का. साडेसहा कोटी वर्षांमागं भुई फाटून तापलेला रस वर आला, कढईतून पाक सांडावा तसा पसरला, निवला, अन् त्यावर पुन्हा दुसरा, तिसरा. झरी जामणी तालुक्यात शिबल्याजवळ तर तो निवताना असा आकसला, की सुकल्या तळ्यातल्या गाळागत तडकून त्याचे सहा-सहा बाजूंचे खांब झाले, जणू कुणी सुतारानं रंधा मारून रचून ठेवलेत!

आता पावसाचं पाणी या थरांतून वाट काढतं. अखंड काळा पाषाण त्याला थेंबभर आत घेत नाही, तिथं ते वरूनच वाहतं; पैनगंगा सहस्रकुंडाला अशीच काळ्या कातळावरून शंभर धारांनी उडी घेते. पण जिथं भेगा आहेत तिथं ते खोल, फार खोल उतरतं. दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी भुई तापत जाते, म्हणून पैनगंगेकाठी उनकेश्वराला ते ऊन ऊन होऊन वर येतं. लोक सांगतात, शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारला अन् झरा फुटला. थंडीत भल्या पहाटे त्या कुंडावर वाफ तरंगताना पाहिली की मलाही ते खरंच वाटतं.

तर आमची विहीर. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, अन् त्याखाली गेरूसारखी लाल पट्टी, जिच्यातून पाणी सहसा खाली जात नाही. त्या पट्टीच्या अगदी वर, पहारीच्या टोकाशी, दोऱ्याएवढी ओल चमकली. म्हाताऱ्यानं पहार बाजूला ठेवली, ओंजळ धरली, अन् ती भरायला जितका वेळ लागला तितका वेळ आम्ही सगळे काठावर श्वास धरून उभे होतो.