नऊ चौरस मीटरांत काय काय मांडायचं?

हैदराबादला हायटेक्समध्ये आमच्या छोट्या कंपनीने पहिल्यांदा स्टॉल घेतला, तेव्हा तीन बाय तीन मीटरची जागा मिळाली होती. तेवढ्यात आम्ही दोन टेबलं, चार स्टँडी, मोठा टीव्ही, चॉकलेटचा वाडगा आणि पाच माणसं कोंबली. मागच्या भिंतीवर आमच्या सॉफ्टवेअरची अकरा वैशिष्ट्यं. लग्नातलं रुखवत परवडलं, तिथे निदान लाडू-करंज्या ओळखू तरी येतात! लोक भिंतीकडे बघून विचारायचे, "तुम्ही नक्की करता काय?" तीन दिवसांत संपली ती फक्त चॉकलेटं.

घरी आल्यावर या विषयावर वाचायला लागलो आणि थेट १९२७ च्या बर्लिनला पोचलो. तिथे बायकांच्या फॅशनचं प्रदर्शन भरलं होतं आणि जर्मन रेशीम उत्पादकांचा विभाग लिली राइश आणि लुडविग मीस व्हान डेर रोह या दोघांनी सजवला होता. कापडाचा स्टॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रचलेले तागे आणि नटवलेले पुतळे येतात. यांनी पोलादी नळ्यांच्या सरळ आणि वळणदार दांड्या उभ्या केल्या आणि त्यांवरून मखमल आणि रेशीम खाली सोडलं. काळी, लाल, नारिंगी मखमल. सोनेरी, चंदेरी, लिंबू रंगाचं रेशीम. विकायचा माल हीच भिंत! मधे टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या, लोक तिथे बसून कॉफी पीत.

मला यात एक गोष्ट फार आवडली. इथे काटकसर अजिबात नाही, कापड तर भरपूर आहे. आवरलंय ते बाकीचं सगळं.

दुसरं उदाहरण १९५५ चं, ड्यूसेलडॉर्फच्या रेडिओ प्रदर्शनातलं. तेव्हाचे रेडिओ म्हणजे चकचकीत पॉलिशचं लाकूड आणि सोनेरी पट्ट्या. ब्राउन कंपनीने मात्र अगदी साधे, नीटस रेडिओ आणले. त्यांच्यासाठी ओटल आयखरने सुटे भाग जोडून उभा करायचा, तितकाच साधा स्टॉल केला. झगमगीत स्टॉलमध्ये ते रेडिओ गरीब दिसले असते.

पुढच्या वर्षी मी हिशोब मांडला. माणूस सेकंदाला साधारण एक मीटर चालतो, म्हणजे आमच्या स्टॉलसमोर तो तीनच सेकंद असतो. तेवढ्यात अकरा मुद्दे कोण वाचणार? आमचे साहेब म्हणाले, "एवढं भाडं भरतोय, मग भिंत रिकामी कशाला?" त्यांचंही चूक नव्हतं, पैसे त्यांचे होते. दोन दिवस वाद झाला. शेवटी भिंतीवर एकच ओळ राहिली: 'गोदामात किती माल उरलाय, ते फोनवर बघा.' बाकीची दहा वैशिष्ट्यं गेली. त्यांत मी दोन वर्षं खपून लिहिलेला रिपोर्टचा भागही गेला. वाद माझाच होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

टेबलही एकच ठेवलं, तेही बाजूला. समोर आडवं टेबल असलं की लोक बँकेच्या काउंटरसारखे बाहेरच उभे राहतात. टेबलावर नट-बोल्टचे बारकोड लावलेले डबे आणि एक स्कॅनर. टीव्ही नाही, चॉकलेटंही नाहीत. (याबद्दल आमच्याच पोरांनी कुरकुर केली.)

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फारसं कुणी आलं नाही आणि साहेब माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग बेगम बाजारचे एक हार्डवेअरवाले आत आले. काही न विचारता त्यांनी स्कॅनर उचलला, एक डबा स्कॅन केला, फोनवरचा आकडा बदललेला बघितला. पुन्हा केला. दहा मिनिटं त्यांचं तेच चाललं होतं. मग हिंदीत विचारलं, "महिन्याचा रिपोर्टही निघतो का यातून?"

लॅपटॉप टेबलाखालीच ठेवला होता.