तबकडीवरचे नाव

शिकागोतील कृष्णवर्णीय तरुणांनी १९८० च्या दशकात ‘हाऊस’ संगीत घडवले. लॅरी हर्ड यांनी ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने १९८६ मध्ये काढलेली तबकडी संग्राहक आजही जपतात. सुरांबरोबर लेबलावरचे कर्त्याचे नावही जपले जाते. आपल्याकडे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते भीमजयंतीला परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या वस्त्यांत गायली जातात. परंतु कॅसेटच्या काळात वेष्टनाविना नकला झाल्या; गाणी गावोगाव पोचली, कितीक शाहिरांची नावे मात्र वाटेतच गळाली. म्हणून जुन्या तबकड्या नि कॅसेटी जमवून कवी, गायक, वादक यांची नोंद करणे हा रिकामपणाचा छंद नव्हे. ज्यांचे श्रम नेहमी निनावी ठेवले गेले, त्यांच्या निर्मितीचा तो पुरावा आहे.