टॅग आहे, माल नाही: जावा वेब सेवांतल्या एक्सएमएलविषयीचे गैरसमज

फेब्रुवारी उजाडला की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची काढणी जोरात असते आणि माझा फोनही. पेटी पॅकहाऊसमधून निघते तशी तिची माहितीही निघते: नोंदणीकृत बागेचा क्रमांक, काढणीची तारीख, प्रयोगशाळेचा अवशेष-अहवाल, पेट्यांची संख्या. ही कागदपत्रांची हौस नव्हे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात-संस्थेची 'ग्रेपनेट' ही माग काढण्याची व्यवस्था उभी राहिली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून युरोपात पुन्हा माल अडकला, तेव्हा बागाईतदारांना एका आकड्याची किंमत नव्याने कळली.

ग्रेपनेट आतून कसं चालतं हा आजचा विषय नाही. मी बोलतोय ते निर्यातदार, वाहतूकदार आणि परदेशी खरेदीदार यांच्यामध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या लहानसहान सोप सेवांबद्दल, म्हणजे एक्सएमएल संदेशांवर चालणाऱ्या वेब सेवांबद्दल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक सेवा जावात आणि 'आधी कोड' पद्धतीने लिहिलेल्या असतात. म्हणजे आपण साधा क्लास लिहायचा, वर 'वेबसर्व्हिस' हे ॲनोटेशन लावायचं, की सेवेचा करार, म्हणजे डब्ल्यूएसडीएल, आपोआप तयार होतो. क्लासमधल्या वस्तूचं एक्सएमएल करणं आणि एक्सएमएलची परत वस्तू करणं हे काम जॅक्सबी नावाची लायब्ररी करते. २००६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, त्याच वर्षअखेरीस ती जावा ६ मध्येच मिळू लागली, आणि अनेकांना वाटलं की आता एक्सएमएलकडे बघायचं कारणच उरलं नाही. खालचे बरेचसे गैरसमज त्या समजुतीची पिल्लं आहेत. उदाहरणांतले क्लास आणि आकडे मी समजावण्यासाठी बेतलेले आहेत.

गैरसमज: "एरर आली नाही, म्हणजे माहिती पोचली."

"सर, सगळं व्यवस्थित चाललंय, फक्त पेट्या शून्य दिसतात." असं वाक्य फोनवर ऐकलं की मी कोड मागत नाही, तारेवरून गेलेला एक्सएमएल मागतो. तो समोर येतो तेव्हा त्यात पेट्यांचा टॅग असतो, आत १२०० हा आकडाही असतो. सेवेच्या हातात मात्र शून्य.

जॅक्सबी २ मुळातच सोशिक आहे. ओळखीचा टॅग दिसला तर ती वाचते, अनोळखी दिसला तर काही न बोलता सोडून देते. 'पेट्या'ऐवजी 'पेटी' लिहिलं, इंग्रजीत पहिलं अक्षर कॅपिटल झालं, टॅग एक पायरी आत गेला, तरी तिची तक्रार नसते. वस्तू तयार होते, तिच्यातली ती जागा तेवढी रिकामी राहते. स्कीमाप्रमाणे तपासणी हवी असेल तर ती सांगून सुरू करावी लागते. वेब सेवा चालवणाऱ्या लायब्ऱ्यांपैकी मेट्रोमध्ये त्यासाठी 'स्कीमा-व्हॅलिडेशन' हे ॲनोटेशन आहे, सीएक्सएफमध्ये सेटिंग आहे. चाचणीच्या सर्व्हरवर ती कायम चालू ठेवा. वेग कमी होतो म्हणून ती बंद करणारे भेटतात. पण दिवसाला चारशे संदेश घेणाऱ्या सेवेत तो वेग वाचवून करायचं काय?

गैरसमज: "नेमस्पेस म्हणजे टॅगावरची सजावट."

पाटील निफाडलाही आहेत आणि दिंडोरीलाही. नुसत्या 'पाटील' या नावावर पत्र पाठवलं तर ते कोणाला मिळेल? नेमस्पेस म्हणजे टॅगचं गाव. जॅक्सबी नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय दार उघडत नाही.

'आधी कोड' पद्धतीत हे गाव आपण निवडलेलंच नसतं. जॅक्स-डब्ल्यूएस, म्हणजे जावाची वेब सेवांची व्यवस्था, ते पॅकेजच्या नावावरून, शब्द उलटे करून ठरवते. पॅकेज 'इन.नाशिक.द्राक्ष' असेल तर नेमस्पेस 'द्राक्ष.नाशिक.इन' अशा वेबपत्त्यासारखा होतो. मग एखाद्या दिवशी कोणी उत्साही सहकारी पॅकेजची नावं 'नीट' करतो. जावाच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नसतं, पण कराराचं गाव बदललेलं असतं आणि जुने सगळे ग्राहक जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत बसतात. बाहेरच्या टॅगचं गाव चुकलं तर निदान 'अशी पद्धत सापडली नाही' अशी एरर मिळते. आतल्या टॅगचं चुकलं तर वर म्हटलं तसं मौन.

ही आतली चूक सर्वांत जास्त वेळ खाते, म्हणून जरा थांबून सांगतो. जॅक्स-डब्ल्यूएसने बनवलेल्या करारात बाहेरच्या टॅगला गाव असतं, पण आतल्या टॅगना, काही वेगळं सांगितलं नसेल तर, गाव नसतं. समोरचा माणूस हाताने एक्सएमएल लिहितो आणि बाहेरच्या टॅगवर उपसर्ग न लावता नेमस्पेस जाहीर करतो. एक्सएमएलच्या नियमानुसार तो नेमस्पेस आतल्या सगळ्या टॅगनाही लागू होतो. डोळ्यांना दोन्ही एक्सएमएल सारखेच दिसतात, पण सेवा बिनगावचे टॅग शोधत असते आणि आलेले सगळे गाववाले असतात. उपाय दोन: समोरच्याला उपसर्ग वापरायला सांगणं, किंवा 'पॅकेज-इन्फो' या फाइलमध्ये 'एक्सएमएल-स्कीमा' ॲनोटेशन देऊन आतल्या टॅगनाही गाव देणं. दुसरा उपाय सेवा बाहेर देण्यापूर्वी करायचा असतो, नंतर नाही. त्याच वेळी 'वेबसर्व्हिस'मध्ये टार्गेट नेमस्पेस आणि 'वेबपॅराम'मध्ये पॅरामीटरची नावं स्वतः लिहून टाका. नाहीतर करारात 'आर्ग शून्य', 'आर्ग एक' अशी नावं जातात आणि रॉटरडॅमचा प्रोग्रामर तुम्हाला विचारतो की आर्ग एक म्हणजे बागेचा क्रमांक की पेट्यांची संख्या.

गैरसमज: "टॅग नसला काय आणि शून्य असला काय, अर्थ एकच."

द्राक्षाच्या धंद्यात तरी नाही. क्लासमध्ये अवशेषाचं प्रमाण 'डबल' या मूळ प्रकारात ठेवलंय आणि आलेल्या एक्सएमएलमध्ये तो टॅगच नाही, तर जावात ०.० हा आकडा बसतो. त्याचा अर्थ होतो 'तपासलं, काहीच सापडलं नाही'. प्रत्यक्षात तपासलंच नव्हतं. इथे मोठ्या अक्षराचा, म्हणजे वस्तूरूप 'डबल' वापरला तर तिथे नल राहतो आणि 'माहिती नाही' हे खरं उत्तर टिकतं. उलट दिशेनेही घोळ आहे. नल असलेली जागा जॅक्सबी रिकाम्या टॅगने दाखवत नाही, टॅगच गाळते. रिकामेपणा उघडपणे सांगायचा असेल तर 'निलेबल' असं स्पष्ट लिहावं लागतं. माझ्या मते मापाच्या कुठल्याही आकड्यासाठी मूळ प्रकार वापरणं हा निव्वळ आळस आहे.

गैरसमज: "तारीख ती तारीख, तिच्यात काय चुकणार?"

काढणीची तारीख १० फेब्रुवारी. जावाच्या जुन्या 'डेट' प्रकारात ती १० फेब्रुवारीची मध्यरात्र म्हणून ठेवली जाते, आणि एक्सएमएलमध्ये तिच्यामागे भारतीय वेळेचा +०५:३० हा फरक लागतो. नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात त्या क्षणी घड्याळात ९ फेब्रुवारीचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिथल्या प्रणालीने वेळ स्थानिक करून फक्त तारीख ठेवली, की काढणी एक दिवस आधी झाली. शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर दिवसांत मोजणाऱ्या माणसाला हा एक दिवस भारी पडतो.

"मग जावा ८ चं लोकलडेट वापरू," हा विचार बरोबर आहे, पण जॅक्सबी त्या प्रकाराला ओळखत नाही. आवृत्तीप्रमाणे कधी 'विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर नाही' अशी एरर येते, तर कधी सरळ रिकामा टॅग जातो. टॅग आहे, माल नाही. त्यासाठी 'एक्सएमएल-ॲडॅप्टर' लिहावा लागतो: तारखेचा मजकूर करणारी एक पद्धत आणि मजकुराची तारीख करणारी दुसरी. दहा ओळींचं काम आहे.

गैरसमज: "ॲनोटेशन लावलं की कुठलाही क्लास बाहेर देता येतो."

डेटाबेससाठी लिहिलेला 'शेतकरी' क्लास थेट सेवेतून परत करायचा मोह सगळ्यांनाच होतो. शेतकऱ्याकडे बागांची यादी, प्रत्येक बागेकडे परत शेतकरी. जॅक्सबी शेतकऱ्याकडून बागेत, बागेतून शेतकऱ्याकडे अशी फिरते आणि वस्तूंमध्ये वर्तुळ सापडल्याची एरर देते. बागेतल्या शेतकऱ्यावर 'एक्सएमएल-ट्रान्झिएंट' लावलं की वर्तुळ तुटतं. मॅप थेट परत केला तर 'हा इंटरफेस आहे, जॅक्सबीला झेपत नाही' असं उत्तर मिळतं. मॅप एका क्लासमध्ये गुंडाळा किंवा त्यालाही ॲडॅप्टर द्या. ॲनोटेशन फील्डवर आणि शिवाय सार्वजनिक गेटर-सेटरही असेल तर 'एकाच नावाचे दोन गुणधर्म' ही तक्रार येते, कारण न सांगता जॅक्सबी गेटर-सेटर बघते आणि तुम्ही तिला फील्डही दाखवलेलं असतं. क्लासवर 'एक्सएमएल-ॲक्सेसर-टाइप' फील्ड असं ठरवून टाका. मूळ क्लास जाहीर करून त्याचा उपवर्ग पाठवत असाल तर 'एक्सएमएल-सी-ऑल्सो'मध्ये त्याचं नाव द्या, नाहीतर जॅक्सबीला तो परकाच.

या सगळ्या एरर लांबलचक असतात आणि मुलं घाबरून त्यांचा स्क्रीनशॉट काढतात. खरं तर जॅक्सबीची ही बाजू प्रामाणिक आहे. पहिल्या ओळीत काय खटकलं ते असतं, आणि 'पुढील ठिकाणाशी संबंधित' या ओळीखाली कोणत्या क्लासमधून कोणत्या फील्डपर्यंत ती पोचली याचा माग. तेवढ्या ओळी वाचल्या तरी पुरतं. मात्र दुरुस्ती म्हणून डेटाबेसच्या क्लासवर ॲनोटेशनांची गोधडी शिवत बसण्यापेक्षा सेवेसाठी वेगळे, लहान क्लास लिहा. दुप्पट काम वाटतं. पहिल्यांदा टेबलमधला कॉलम बदलला की वाटेनासं होतं.

क्रमाबद्दल थोडक्यात: क्लासमध्ये ज्या क्रमाने फील्ड लिहिली त्याच क्रमाने टॅग जातील याची हमी कोणी दिलेली नाही. 'प्रॉप-ऑर्डर' लिहून तो पक्का करा. समोर डॉटनेटचा ग्राहक असेल तर क्रम चुकलेला टॅग तिथेही गुपचूप नल होऊ शकतो.

गैरसमज: "एक्सएमएलला मराठी चालत नाही."

एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं तेच युनिकोडवर उभं राहून. मजकूर सोडा, टॅगचं नावही देवनागरीत ठेवता येतं. गावाच्या नावाजागी प्रश्नचिन्हं येतात ती एक्सएमएलमुळे नव्हे, तर कोणीतरी मजकुराचे बाइट करताना एन्कोडिंग सांगितलं नाही म्हणून. जावा १८ पर्यंत, म्हणजे मार्च २०२२ पर्यंत, न सांगितल्यास मशीनचं स्वतःचं एन्कोडिंग लागू व्हायचं. विंडोजवर ते बहुधा यूटीएफ-८ नसायचं. निदान सोपं आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षर पाठवतानाच मेलं, ते परत येणार नाही. डोक्यावर टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं दिसली तर मराठी जिवंत आहे, वाचणारा चुकतोय.

खरी अडचण न दिसणाऱ्या अक्षरांची असते. ३२ पेक्षा लहान क्रमांकाच्या अक्षरांपैकी टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न एवढीच एक्सएमएल १.० ला चालतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या व्यापाऱ्याच्या नावात चौथ्या क्रमांकाचं नियंत्रण-अक्षर चिकटून आलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पाठवताना जॅक्सबी ते सहसा तपासत नाही. घेणाऱ्याचा पार्सर अख्खा संदेश नाकारतो. माहिती आत घेतानाच असली अक्षरं चाळून टाका.

गैरसमज: "जावातून काढली, म्हणजे जॅक्सबी संपली."

सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून ती काढली, हे खरं. पण ती वेगळी लायब्ररी म्हणून व्यवस्थित चालू आहे. मेव्हनमध्ये एपीआय आणि रनटाइम अशा दोन नोंदी केल्या की झालं. धोका पुढच्या वळणावर आहे. डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचं नाव 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झालं. रनटाइम नवा आणि क्लासवरची ॲनोटेशनं जुनी, अशी सरमिसळ झाली तर कोड कंपाइल होतो, पण नव्या रनटाइमला जुनी ॲनोटेशनं दिसतच नाहीत. 'रूट एलिमेंट नाही' अशी एरर आली तर नशीब समजा. नाहीतर 'ट्रान्झिएंट' लावून लपवलेला शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांकही तितक्याच शांतपणे बाहेर जातो. आवृत्ती वाढवल्यावर जुन्या आणि नव्या सेवेचे डब्ल्यूएसडीएल शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा, मगच सेवा चालू करा.

हंगाम एप्रिलपर्यंत चालेल आणि फोनही येतील. फोन करण्याआधी सोप-यूआय हे चाचणीचं साधन किंवा लॉग यांतून आलेला-गेलेला एक्सएमएल काढा, त्यातली शेतकऱ्यांची नावं आणि खाते क्रमांक खोडा आणि मूळ मजकूर मेल करा. स्क्रीनशॉट नको, त्यात नेमस्पेस नेमका कापला जातो.